पृथ्वीची झांकली मूठ

खनिज तेल जमिनीच्या पोटांत कोणत्या रूपानें असतें, असा प्रश्न सुशिक्षित घरांतील दहा माणसांस विचारला, तर त्यांतील नऊ जण सांगतील कीं, खालीं कोठें तरी तेलाचें तळें असेल आणि त्यांत नळी सोडली म्हणजे तेल वर येत असेल. ही कल्पना मनोहर आहे; परंतु खरी नाहीं. भूगर्भांत तेलाचें तळें नाहीं, नदी नाहीं, आणि तेलानें भरलेली गुहाही नाहीं. तेल असतें तें दगडांत. पाण्यांत भिजत घातलेली वीट जसें पाणी आपल्या सूक्ष्म छिद्रांत धरून ठेवते, तसेंच वालुकाश्म किंवा चुनखडक हें तेल धरून ठेवतो. ‘पेट्रोलियम’ हा शब्दही हेंच सांगतो. ‘पेट्रा’ म्हणजे खडक व ‘ओलियम’ म्हणजे तेल. आपल्याकडे त्यास ‘शिलातैल’ म्हटलें, तर तो अक्षरशः अनुवाद होईल.

परंतु तेल दगडांत असतें एवढें समजल्यानें मुख्य कोडें सुटत नाहीं. तेल पाण्याहून हलकें. वायु तर त्याहूनही हलका. मग कोट्यवधि वर्षें तें द्रव्य खालीं स्वस्थ कसें बसून राहिलें? वर येऊन उडून कां गेलें नाहीं? या प्रश्नाच्या उत्तरांत दोन गोष्टी येतात. एक, त्या द्रव्यावरील दगडी झांकण. आणि दुसरी, भूगर्भांतील दाब. धरणीमातेस आपण वसुंधरा म्हणतों. पण तिचें हें वसु किती टिकलें व कोणास मिळालें, हें त्या वसूवरून ठरलें नाहीं, झांकणावरून ठरलें. आणि झांकणाची व दाबाची ओळख करून न घेतां जेथें मनुष्यानें हात घातला, तेथें त्यास त्याची किंमत प्राणांनीं व घरादारांनीं मोजावी लागली आहे. आजच्या लेखांत आम्ही याच दोन गोष्टींचा विचार करणार आहों.

सूचीकटाहन्यायानें सोपें काम आधीं उरकावें, म्हणून तेलाचा जन्म थोडक्यांत सांगतों. प्राचीन समुद्रांत व सरोवरांत असंख्य सूक्ष्म वनस्पति व जीव मरून तळाशीं पडत. जेथें तळच्या चिखलांत प्राणवायु नव्हता, तेथें ते पुरते कुजले नाहींत; चिखलाबरोबर गाडले गेले. त्यांवर गाळाचे थर चढत गेले, चिखलाचा दगड झाला, आणि खोलीबरोबर उष्णता वाढत गेली. ही उष्णता साधारण ६० अंश सेंटिग्रेडच्या पुढें गेली म्हणजे त्या जैव द्रव्याचें तेल होऊं लागतें. १५० अंशांच्या पलीकडे गेली म्हणजे बहुतेक वायुच होतो. या कामास लक्षावधि वर्षें लागतात.

आतां असें पाहा कीं, जमिनीखालीं कांहीं खोलीवर गेलें म्हणजे दगडांतील प्रत्येक छिद्र पाण्यानें भरलेलें असतें. ज्या दगडांत तेल जन्मलें, त्यांतून तें दाबानें बाहेर ढकललें जातें, व बाहेर येतांच आपल्या शास्त्रकारांचा जलतुंबिकान्याय त्यास लागू होतो. चिखलानें लडबडलेला भोपळा पाण्यांत बुडून राहतो. चिखल धुऊन गेला कीं तोच भोपळा वर येतो. तेलाचा थेंबही असाच, छिद्रांतून छिद्रांत, भेगेंतून भेगेंत, वर वर सरकूं लागतो. वाटेंत त्यास कोणी अडविलें नाहीं, तर शेवटीं तो पृष्ठभागावर येतो; त्यांतील पातळ अंश उडून जातो, कांहीं अंश सूक्ष्म जंतु खाऊन टाकतात, आणि मागें उरतें तें डांबर. पृथ्वीवर आजवर जन्मलेल्या तेलापैकीं पुष्कळसें तेल याच रीतीनें नाहींसें झालें. आपणांस मिळतें तें जेथें जन्मलें तेथें मिळत नाहीं. जेथें अडलें तेथें मिळतें.

अडविण्याचें काम करितें तें झांकण. या कामीं दोन जातींचे दगड विशेष उपयोगी पडतात. एक, अतिसूक्ष्म चिखल दडपून झालेला पत्रीदार दगड. यास भूगर्भशास्त्रज्ञ ‘शेल’ म्हणतात. दुसरा, आटलेल्या समुद्रांनीं मागें ठेविलेलें सैंधव व जिप्समच्या जातीचे क्षार. सैंधव तर दाबाखालीं मऊ होऊन हळूहळू वाहतें, व स्वतःला पडलेली भेग स्वतःच बुजवितें. म्हणून तें झांकणांतील शिरोमणि होय. झांकण नुसतें असून भागत नाहीं, त्यास आकारही हवा. सपाट फळीखालीं आलेलें तेल कडेनें निसटून जाईल. थरांस बांक येऊन उपडी वाटी झाली, किंवा थर तुटून एका बाजूस अभेद्य दगडाची भिंत उभी राहिली, म्हणजेच तेल कोंडलें जातें. मग त्या उपड्या वाटींत सर्वांत वर वायु, त्याखालीं तेल, व त्याखालीं पाणी, असे तीन थर आपोआप लागतात.

येथें चौकस वाचक विचारतील कीं, शेलमध्येंही छिद्रें आहेतच. मग त्यांतून तेल कां निसटत नाहीं? या प्रश्नाचें उत्तर नदीकांठीं वाढलेल्या कोणाही मुलास ठाऊक असतें. मात्र आपणांस तें ठाऊक आहे हें त्यास ठाऊक नसतें. पोहायला गेलेलीं मुलें धोतर ओलें करून, त्यांत हवा भरून, त्याचा फुगा करितात व त्यावर तरंगतात. कोरड्या धोतरांत हवा मुळींच राहत नाहीं; ओल्यांत राहते. छिद्रें दोहींत सारखींच. फरक इतकाच कीं, ओल्या धोतराच्या प्रत्येक छिद्रांत पाण्याचा पडदा ताणलेला असतो, आणि तो पडदा हवेस वाट देत नाहीं. शेलचें असेंच आहे. तिचीं छिद्रें पाण्यानें भरलेलीं असतात, व तेलास आंत शिरावयाचें तर त्या पाण्यास हुसकावून लावावें लागतें. छिद्र जितकें बारीक, तितकें पाणी अधिक हट्टानें चिकटून बसतें. वालुकाश्माच्या छिद्रांच्या मानानें शेलचीं छिद्रें शेकडोंपट बारीक असतात. म्हणून वालुकाश्मांत तेल सहज शिरतें व शेलच्या दारांत थांबतें.

परंतु तो धोतराचा फुगा कोणी दोन्ही हातांनीं जोरानें दाबला, तर काय होतें? बारीक बुडबुडे निघून हवा गळूं लागते. तसेंच दगडी झांकणाचेंही. त्याच्या सहनशक्तीस सीमा आहे. खालीं सांचलेल्या तेलाचा थर जों जों उंच होईल, तों तों त्याची वर येण्याची ओढ वाढते. १०० मीटर उंचीचा तेलाचा थर झांकणावर भोंवतालच्या पाण्यापेक्षां सुमारें दोन ते अडीच वातावरणांचा जादा रेटा देतो. तेवढ्याच उंचीचा वायूचा थर आठ-नऊ वातावरणांचा रेटा देतो, कारण वायु फारच हलका. यावरून एक मौजेची गोष्ट निष्पन्न होते. जें झांकण तेलास पुरेसें आहे, तें वायूस अपुरें ठरूं शकतें. वायु गळून जाईल व तेल मागें राहील. म्हणजे एखाद्या क्षेत्रांत काय सांपडेल व किती उंचीचा थर सांपडेल, हें पुष्कळ अंशीं वरच्या झांकणाच्या छिद्रांनींच ठरविलेलें असतें.

आमच्या तर्कशास्त्रांत धुरावरून अग्नीचें अनुमान करितात. तेलाच्या शोधांतही आरंभीं हाच मार्ग होता. जमिनीवर कोठें तेल पाझरतें, कोठें वायूचा वास येतो, तें पाहून तेथें खणावयाचें. इराणांतील मस्जिद-ए-सुलेमान येथें प्राचीन मंदिराच्या भग्नावशेषांजवळ वायु जमिनीतून झिरपत असे. त्या खुणेवर भरंवसा ठेवून रेनॉल्ड्स नांवाच्या इंग्रज अभियंत्यानें तेथें विहीर घेतली. पैसा घालणारांचा धीर सुटत आला होता. इतक्यांत २६ मे १९०८ रोजीं सुमारें १,१८० फुटांवर तेल लागलें. तेथें तेल धरणारा दगड चुनखडकाचा, व वरील झांकण सैंधवाचें आणि जिप्समच्या जातीच्या क्षारांचें. झांकण उत्तम होतें. मात्र डोंगर घडतांना त्यास कांहीं ठिकाणीं भेगा पडल्या होत्या, व त्यांतून थोडेंसें द्रव्य गळत होतें. त्या गळतीनेंच खजिन्याची चाहूल दिली.

पण या अनुमानांत एक उणीव आहे, व ती आमच्या वाचकांच्या ध्यानांत आली असेल. धूर दिसतो याचा अर्थ झांकण गळतें. ज्या झांकणास मुळींच खोट नाहीं, त्याच्यावर धूरही नाहीं, वासही नाहीं. म्हणजे सर्वांत सुरक्षित राहिलेला खजिना तोच कीं ज्याची बाहेर कांहींच खूण नाहीं! आमच्या मुंबईसमोरील समुद्राचें उदाहरण या जातीचें आहे. किनाऱ्यापासून सुमारें १६० किलोमीटर दूर, पाण्याखालीं तेलानें भरलेली एक प्रचंड उपडी वाटी आहे, हें सात बेटांवर राहणाऱ्या कोळ्यांच्या कोणत्या पिढीस कळणार? इ. स. १९६४ पासूनच्या कांहीं वर्षांत ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ या रशियन जहाजानें खंबायतच्या आखातांत व लगतच्या समुद्रांत कृत्रिम कंपनलहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून समुद्रतळाखालील थरांचा नकाशा काढला, तेव्हां या उंचवट्याचा आकार प्रथम दिसला. पुढें ‘सागर सम्राट’ या तरत्या यंत्रनौकेनें तेथें छिद्र पाडलें, व फेब्रुवारी १९७४ मध्यें तेल लागलें. इ. स. १९७६ पासून तेथून तेल काढण्यास आरंभ झाला. यासच आपण ‘बॉम्बे हाय’ म्हणत होतों, व आतां ‘मुंबई हाय’ म्हणतों. तेथें तेल धरणारा मुख्य दगड चुनखडक असून तो समुद्रतळाखालीं हजार-दीड हजार मीटरांच्या टप्प्यांत आहे, व त्यावर झांकण आहे तें शेलचें. मुंबईंतील कित्येक सुगरणींच्या शेगडीवरील निळी ज्योत याच समुद्रांतील वायूवर जळते. त्या ज्योतीवर पातेलें ठेवून वर झांकण घालणाऱ्या गृहिणीस कल्पनाही नसेल कीं, चुलींतील इंधन तिच्या घरीं येण्यापूर्वीं लक्षावधि वर्षें तेंही एका झांकणाखालींच होतें.

आतां दाबाकडे वळूं. पाण्यांत दर १० मीटर खोलीस एक वातावरणाइतका दाब वाढतो. दगडांतील छिद्रें एकमेकांस जोडलेलीं असून त्यांत वरपर्यंत पाणी आहे, तर १,००० मीटरांवर छिद्रांतील पाण्याचा दाब सुमारें १०० वातावरणें, व ३,००० मीटरांवर सुमारें ३००. हा झाला स्वाभाविक दाब. खुद्द दगडांच्या राशीचें वजन याच्या दुपटीहून अधिक भरतें. परंतु तें वजन दगडाचे कण एकमेकांच्या खांद्यांवर पेलतात, पाण्यावर त्याचा भार पडत नाहीं. कण कणाचें पेलतात व पाणी पाण्याचें पेलतें, अशी ही व्यवस्था आहे.

पण ही व्यवस्था सर्वत्र नीट चालत नाहीं. श्रीखंडासाठीं चक्का बांधतांना काय होतें तें आठवावें. दही फडक्यांत बांधून त्यावर वजन ठेवलें म्हणजे पाणी हळूहळू निथळून जातें व चक्का घट्ट होतो. परंतु फडक्याचीं छिद्रें बुजलीं, आणि वरून मात्र घाईघाईनें आणखी वजन ठेवीत गेलें, तर पाण्यास वाट मिळत नाहीं. चक्का सैलच राहतो, आणि वरचें सारें ओझें त्या कोंडलेल्या पाण्यावर पडतें. मग कोठें लहानशी फट मिळाली कीं त्यांतून पिचकारी उडते. मोठ्या नद्यांच्या मुखाशीं असेंच होतें. तेथें गाळ इतक्या वेगानें सांचतो कीं, खालच्या चिखलांतील पाणी निघून जाण्यापूर्वींच त्यावर नवे थर चढतात. चिखल दडपून दाट झाला कीं त्याचीं छिद्रें मिटतात, व आंतलें पाणी वरील दगडांचें ओझें डोक्यावर घेऊन कायमचें कोंडलें जातें. आमच्या त्र्यंबकेश्वरीं उगम पावणारी गोदावरी व महाबळेश्वरची कृष्णा ज्या प्रदेशांत समुद्रास मिळतात, तेथील खोल थरांतही असा जादा दाब आढळतो.

हा जादा दाब झांकणाचा मित्र कीं शत्रु? दोन्हीही. जादा दाबाची शेल ही उत्तम झांकण ठरते. कारण तिच्यांतील पाण्याचाच दाब तेलाच्या दाबाहून अधिक असेल, तर तेलास आंत शिरण्याची सोयच राहत नाहीं. परंतु झांकणाखालील तेल-वायूचाच दाब वाढत वाढत दगडाच्या ताकदीपर्यंत जाऊन भिडला, तर झांकणास चीर पडते. चीर पडून द्रव्य निसटतें, दाब उतरतो, चीर मिटते. पुन्हां दाब चढतो, पुन्हां चीर पडते. घरांतील कुकरची शिटी आठवली म्हणजे हा प्रकार ध्यानांत येईल. म्हणून दिसण्यांत सुरेख अशा कित्येक उपड्या वाट्या खोदल्यावर रिकाम्या निघतात. त्या कधींच्याच शिट्या देऊन मोकळ्या झालेल्या असतात. जेथें दाब फार, तेथें तेलही फार, हा हिशेब खरा नाहीं.

आतां मनुष्याच्या हाताकडे येऊं. विहीर खणणें म्हणजे निसर्गाच्या झांकणास भोंक पाडणें. भोंक पाडतांच त्या जागीं दुसरें झांकण हवें. नाहींतर खालचा दाब मोकाट सुटतो. हें दुसरें झांकण कशाचें? चिखलाचें! अमेरिकेंत टेक्सासमधील स्पिंडलटॉप नांवाच्या टेकाडावर, सैंधवाच्या एका घुमटाच्या माथ्यावर, कप्तान लुकास यानें विहीर घेतली, तेव्हां वाळूच्या थरांत छिद्र ढांसळूं लागलें. नुसत्या पाण्यानें तें धरेना. तेव्हां खणणारांनीं एका डबक्यांत गुरें फिरवून चिखल कालविला व तो छिद्रांत सोडला. भिंती धरल्या गेल्या. या एका साध्या युक्तीनें पुढें तेलविहिरींचें सारें शास्त्र बदलून गेलें. मात्र तेलाचा थर लागला तेव्हां दाब चिखलास आवरला नाहीं. १० जानेवारी १९०१ रोजीं नळ्या उडाल्या, व तेलाचा स्तंभ दीडशें फुटांवर गेला. नऊ दिवस तो कोणास बंद करितां आला नाहीं. रोज सुमारें एक लाख पिंपें तेल वाहून जात असावें असा अंदाज आहे. लोकांनीं त्यास भाग्योदय मानलें. आजचा तज्ज्ञ त्यास अपघात म्हणेल.

आज हा चिखल कालविण्यांत मोठें शास्त्र आहे. बेराइट नांवाच्या जड खनिजाची पूड घालून त्याचें वजन वाढवितात. तो हलका झाला तर खालचें द्रव्य वर उसळतें. आणि फार जड झाला तर छिद्राच्या भिंतीचा दगड फुटून चिखलच त्यांत गडप होतो, चिखलाची पातळी उतरते, व पुन्हां उसळण्याचेंच भय उभें राहतें. स्वाभाविक दाबाच्या थरांत या दोन सीमांमधील वाट रुंद असते. जादा दाबाच्या थरांत ती इतकी अरुंद होते कीं, दोरीवरून चालणाऱ्या डोंबाऱ्याचीच उपमा तिला शोभेल. शिवाय विहिरीच्या मुखाशीं, जरूर पडतांच आवळून बंद होणारी लोखंडी कळ बसवितात. अमेरिकेंत इ. स. १९२२ मध्यें अबरक्रॉम्बी व कॅमरन यांनीं ती प्रथम बनविली.

इतकी तयारी असूनही वाट चुकते. आंध्रांत गोदावरीच्या मुखप्रदेशांत पासर्लपूडी येथें जानेवारी १९९५ मध्यें एक वायुविहीर उसळून पेटली, ती ६५ दिवस जळत होती. नारळीच्या बागांच्या त्या हिरव्या मुलखांत रात्रही दिवसासारखी उजळली. भोंवतालच्या लोकांस घरें सोडून जावें लागलें. आसामांत बाघजान येथें २७ मे २०२० रोजीं दुसरी विहीर उसळली. ९ जून रोजीं तिनें पेट घेतला. आग विझविण्यास गेलेले दोन जवान मृत्युमुखीं पडले, व हजारों लोकांनीं छावण्यांत आश्रय घेतला. मासे व पक्षी यांचें माहेर असलेली मागुरी-मोटापुंग ही पाणथळ तेथून जवळच. तिच्यावरही तेलकट तवंग पसरला. ती विहीर पुरती बंद होण्यास नोव्हेंबर उजाडला. झांकणास भोंक पाडणारे हात वेगळे असतात, आणि गळतीखालीं येणारीं घरें वेगळीं असतात, हें अशा प्रसंगीं विसरूं नये.

परंतु वर उसळणें हाच कांहीं एक धोका नाहीं. दुसरा धोका अगदीं उलट जातीचा आहे, व तो अधिक विचार करावयास लावणारा आहे. हॉलंडच्या उत्तर भागांत ग्रोनिंगेन प्रांतीं इ. स. १९५९ मध्यें शेताखालीं वायूचा अफाट सांठा सांपडला. त्या वेळच्या ज्ञात सांठ्यांत तो जगांतील मोठ्यांपैकीं एक. सुमारें तीन किलोमीटर खोल वालुकाश्मांत हा वायु कोंडला होता. त्याचा जन्म त्याहूनही खालच्या, तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वींच्या दगडी कोळशाच्या थरांत झाला होता, व त्यावर झांकण होतें सैंधवाच्या जाड थराचें. झांकण निर्दोष, मूळचा दाब सुमारें ३५० वातावरणें. विहिरी व्यवस्थित, कोठें उसळी नाहीं, कोठें आग नाहीं. वायु निघत राहिला, देश संपन्न होत गेला.

पण वर सांगितलेली व्यवस्था येथें पुन्हां आठवावी. वरील दगडांचें ओझें कण व कोंडलेला वायु हे दोघे मिळून पेलीत होते. एकत्र कुटुंबांत दोन भाऊ मिळून प्रपंचाचा भार वाहतात. त्यांतील एक हळूहळू निघून गेला, तर दुसऱ्याच्या पाठीस बांक येतो. तसेंच झालें. दाब उतरत उतरत १०० वातावरणांच्याही खालीं आला. वालुकाश्म दबला, वरची जमीन फूटभराहून अधिक खचली. आणि त्या वालुकाश्मांत जुन्या तुटीच्या भिंती होत्या. दोन्ही बाजूंस थर सारखे नसल्यामुळें ते सारखे दबले नाहींत, व त्या भिंतीवर ते झटक्यानें सरकूं लागले. इ. स. १९९१ पासून त्या क्षेत्रांत लहान लहान भूकंप होऊं लागले. १६ ऑगस्ट २०१२ रोजीं हुइझिंगे या गांवीं ३·६ प्रतीचा धक्का बसला. हा आंकडा ऐकावयास लहान आहे. पण उगम अवघ्या तीन किलोमीटरांवर, जमीन मऊ, व घरें विटांचीं. भिंतींस तडे गेले. हजारों कुटुंबें वर्षानुवर्षें टेकू लावलेल्या घरांत, भरपाईच्या अर्जांत व अनिश्चिततेंत राहिलीं. पुढें पार्लमेंटनें चौकशी नेमली. फेब्रुवारी २०२३ मधील अहवालानें स्पष्ट शब्दांत सांगितलें कीं, वायूचें उत्पन्न पाहतांना तेथील रहिवाशांच्या हिताकडे दुर्लक्ष झालें. १ ऑक्टोबर २०२३ रोजीं उत्पादन थांबविण्यांत आलें, व इ. स. २०२४ मध्यें कायद्यानें तें क्षेत्र कायमचें बंद करण्यांत आलें. बराच वायु अद्यापि खालीं शिल्लक आहे. तो तेथेंच राहणार आहे.

या धोक्यावर उपाय नाहीं असें नव्हे. कॅलिफोर्नियांत लाँग बीच येथील विल्मिंग्टन क्षेत्रांत तेल उपसल्यामुळें जमीन सुमारें नऊ मीटर खचली. तेव्हां तेलाच्या जागीं खालीं पाणी दाबून भरूं लागले, आणि खचणें थांबलें. पुष्कळ ठिकाणीं, आमच्या मुंबई हायमध्येंही, दाब टिकविण्यासाठीं असें पाणी आंत घालतात. त्यानें तेलही अधिक निघतें. मात्र वायूच्या क्षेत्रांत हा उपाय सोपा नाहीं, कारण शिरलेलें पाणी उरलेल्या वायूस जागच्या जागीं कोंडून टाकतें. एवढ्यावरून हें दिसतें कीं, घेतलेल्याची भरपाई निसर्ग मागतो. ती आधींच व आपखुषीनें केली तर स्वस्त पडते.

झांकणाची योग्यता आतां तर तेलापलीकडे गेली आहे. जाळलेल्या कोळशा-तेलाचा धूर हवा तापवितो, म्हणून त्यांतील कर्बवायु पुन्हां भूगर्भांत कोंडावा, असा प्रयत्न चालू आहे. नॉर्वेच्या समुद्रांत स्लाइप्नर येथें इ. स. १९९६ पासून, वर्षास सुमारें दहा लाख टनांपर्यंत कर्बवायु समुद्रतळाखालील वालुकाश्मांत भरण्यांत आला, व त्यावर पहारा आहे तो शेलच्याच झांकणाचा. येथेंही नियम तेच. किती रेटा झांकण सोशील? कोणत्या दाबास चीर पडेल? आणि मनुष्यानें पूर्वीं पाडलेलीं भोंकें कोठें कोठें आहेत? जुनी, टाकून दिलेली विहीर सिमेंटनें नीट बुजविली नसेल, तर शेलची सारी पुण्याई त्या एका छिद्रांतून गळून जाईल.

झांकली मूठ सव्वा लाखाची, असें आपण म्हणतों. आणि ही म्हण बहुधा एखाद्याचें अज्ञान किंवा दारिद्र्य झांकण्यासंबंधानें वापरतों. पृथ्वीच्या बाबतींत ती सरळ अर्थानें खरी आहे. तिची मूठ झांकलेली राहिली म्हणूनच तींत सव्वा लाख उरले. ती मूठ उघडूं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. आमच्या घरींही त्याच वायूवर चहा होतो. परंतु मूठ उघडण्यापूर्वीं तींत काय आहे एवढेंच विचारून पुरत नाहीं. ती कशानें मिटली होती, किती जोरानें मिटली होती, आणि उघडल्यावर तिच्यावर उभीं असलेलीं घरें कोणाचीं, हे तीन प्रश्नही विचारावे लागतात. पहिल्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास मनुष्यानें आजवर पुष्कळ धन वेंचलें. पुढील तिहींकडेही तितकेंच लक्ष दिलें, तर पासर्लपूडीचा शेतकरी, बाघजानचा कोळी व ग्रोनिंगेनची गृहिणी यांच्यासारख्यांना रात्रीं आपल्या घरीं निर्धास्त झोंप घेतां येईल.